बघू वर्षभर राहून

८ फेब्रुवारी

आज एका म्हाताऱ्याने पाय काढून माझ्या अंगावर फेकला! मीच बनवलेला. खांद्याला लागला. "टोचतो!" एवढंच ओरडला आणि भिंतीला धरून एका पायावर तसाच उभा, डोळे वटारून. मी पाय उचलला, आत हात घालून पाहिलं. त्याचंच बरोबर होतं. नडगीच्या टोकाशी जागा कमी सोडली होती मी. कानशीने घासून दिली. चढवला, दोन फेऱ्या मारल्या, खुर्चीत बसला — आणि खिशातून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली!

फोरमन म्हणाला, "पाय फेकून मारला म्हणजे आता तू इथली झालीस."

मी कुठली इथली! चार महिने झालेत. आठ उरलेत.

९ फेब्रुवारी

ही वर्षाची अट अप्पांची. माझं सहा महिन्यांचं चाललं होतं. परक्या मुलखात सहा महिने बघते, नाही जमलं तर परत. तर म्हणाले, "सहा महिने म्हणजे पाहुणी. पाहुण्याला सगळंच गोड लागतं, नाहीतर सगळंच कडू. वर्षभर राहा. एकदा आजारी पड, एकदा भांड, एकदा कंटाळून मर. मग ठरव राहायचं की नाही. आणि मध्ये यायचं नाही!"

वीजमंडळात जन्मभर मीटर वाचले त्यांनी. सगळं एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंत. मधलं वाचन धरत नाहीत.

आजारी पडून झालं (नोव्हेंबर, पाच दिवस). भांडून झालं (घरमालकीण, नळ). कंटाळून मरणं रोज चालू आहे.

१६ फेब्रुवारी

रविवार. घरी फोन. अप्पा खिडकीपाशी खुर्चीत, छातीपर्यंत दिसतात, मागे कॅलेंडर. "मी बरा आहे. तू कशी?" हल्ली तेवढंच. पूर्वी फोन हातात धरून अंगणात फेऱ्या मारत बोलायचे, पडद्यावर बघून मला गरगरायचं. विचारलं, "फिरायला जाता ना?" "जातो की." वहिनी मागे उगाच खोकल्या.

म्हातारे होताहेत. एकोणसत्तर म्हणजे काही कमी नाही.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या ताईंकडे चहा. या इमारतीत मराठी बोलणारं तेवढंच एक माणूस. दोन वर्षं बघू म्हणून आल्या होत्या, एकोणीस झाली. मला म्हणतात, "पहिलं वर्ष धरायचंच नसतं गं. ते नुसतं सामान लावण्यात जातं. खरं मोजायचं दुसऱ्या वर्षापासून." म्हटलं, मग अप्पांना काय सांगू? "सांग, मीटर बिघडलाय." खूप हसलो!

२ मार्च

झालं तसं लिहिते.

सकाळी नेहमीसारखा फोन. अप्पा खुर्चीत. मी कारखान्यातलं काहीतरी सांगत होते. तेवढ्यात तिकडे दाराची बेल वाजली. वहिनी आत होत्या. अप्पा सवयीने उठायला गेले — उजवा हात खुर्चीच्या दांडीवर दाबला, उजवा खांदा वर गेला, सगळं अंग एका बाजूला कललं, आणि तिथेच थांबलं. अर्धवट. मग धपकन खाली.

असं अर्धवट थांबणारं माणूस मी रोज बघते. दिवसातून चार बघते.

"अप्पा, फोन खाली करा."
"खाली म्हणजे?"
"पायांकडे करा."
"नेट गेलं वाटतं तुझं —"
"अप्पा. पाय दाखवा."

फोन कुणीतरी घेतला. छत दिसलं, पंखा दिसला, मग दादाचा चेहरा. मी त्याला काय विचारावं? काय झालं, कसं झालं, कधी — काही नाही. मी विचारलं, "गुडघ्याच्या वर की खाली?"

दादा म्हणाला, "खाली. डावा."

मुलीने आधी वेगळं काहीतरी विचारायला हवं होतं. माझ्या तोंडून हेच आलं.

३ मार्च

कामावर गेले. एकाही पायाला हात लावला नाही. फोरमनला सांगितलं. त्याने स्वतःचा डबा उघडून माझ्यासमोर सरकवला.

४ मार्च

सगळं कळलं ते असं. नोव्हेंबरात टाचेला खडा लागला. साखर असलेल्या माणसाला टाचेला खडा लागला तर कळत नाही, ही गोष्ट मी शंभर जणांना समजावलेली आहे! अप्पांनी चप्पल बदलली फक्त. जखम काळी पडली. १२ डिसेंबरला ऑपरेशन.

१२ डिसेंबर! त्या दिवशीचं पान काढून पाहिलं. "आज नवीन बूट घेतले. छान आहेत." एवढंच लिहिलंय मी.

आणि लपवलं का? दादा म्हणतो अप्पांनीच शपथ घातली. भूल उतरल्यावर पहिलं वाक्य — "तिला कळवायचं नाही. मध्ये आली तर तिचं वर्ष वाया." घरातल्या सगळ्यांना दम. जो सांगेल त्याच्या हातचं पाणी घेणार नाही. मग दर रविवारी ती खुर्ची खिडकीपाशी न्यायची, फोन कपाच्या कानाला टेकवून उभा करायचा, उंची नीट बघायची. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही फिरायला जाता का विचारलंत त्या दिवशी मी आत जाऊन रडले."

मी दादाला नको नको ते बोलले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ठमे, तू येऊन काय करणार होतीस? पाय परत जोडणार होतीस?"

फोन आपटला मी.

५ मार्च

जोडणारच होते की. तेच तर करते मी.

१९ मार्च

घरी. तीन आठवड्यांची रजा. फोरमनने सही करताना विचारलं, "परत येशील?" मी हो म्हटलं. खरं की खोटं, मलाच ठाऊक नव्हतं.

दारातच अप्पा. कुबड्यांवर. मला बघून पहिलं काय म्हणाले? "वर्ष झालं नाही अजून!"

मी रडले नाही. ओरडले! शेजारचे बाहेर आले. "तुमचं वर्ष घाला चुलीत" म्हणाले मी. बापाला असं आजवर कधी बोलले नव्हते. अप्पा खाली मान घालून उभे. मग म्हणाले, "आत ये. दमलो उभा राहून."

२१ मार्च

अप्पा मला पाय बघू देत नाहीत. धोतराच्या सोग्याखाली झाकून बसतात. "मुलीसमोर नाही." मी म्हटलं, रोज परक्यांचे बघते. "मग परक्यांचेच बघ."

वहिनीच चिडल्या शेवटी. "अप्पा, तीन महिने मी ड्रेसिंग केलं ते चाललं. आणि हिचं शिक्षण ते आणि हिला नाही?" अप्पांनी तोंड भिंतीकडे केलं आणि कापड बाजूला सारलं.

टाके छान भरलेत. सूज उतरलीय. आकार चांगला. सर्जनने हाड नीट घासलंय. हे सगळं एका दमात बघून घेतलं. मग हात ठेवला. गरम होता. माणसाच्या अंगासारखा गरम. आणि माझे हात चालेनात.

२२ मार्च

उस्तादांकडे नेलं. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले ते. तीच पत्र्याची शेड, तेच पांढरं फटक सगळं, प्लॅस्टरच्या धुळीने. अप्पांच्या पायावर ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा काढायचा. पाच मिनिटांचं काम. मी दोनदा सुरू केलं, दोनदा पट्टी सैल पडली. अकरा वर्षांत असं झालं नाही.

उस्ताद म्हणाले, "ऊठ. बाजूला हो." त्यांनी काढला साचा. मी बादली धरून उभी राहिले, पहिल्या वर्षी असायचे तशी.

पण साचा सुकल्यावर तो घासायला मी कुणाला हात लावू दिला नाही. गुडघ्याच्या वाटीखाली किती दाबायचं, नडगीला किती मोकळं सोडायचं, सगळं मीच. नुसतं प्लॅस्टर होतं, तेव्हा हात बरोबर चालले.

२९ मार्च

अप्पा उभे राहिले!!

दोन दांड्यांच्या मध्ये, दोन्ही हात दांड्यांवर. मी मागून कमरेवर हात ठेवून दोन्ही बाजू समान आहेत का पाहिलं. डावी किंचित उंच. अर्धा सेंटिमीटर काढला. पुन्हा उभे.

"कसं वाटतंय?"
"दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं."

चार पावलं टाकली. घामाने सदरा भिजला. शिव्या घातल्या — मला, उस्तादांना, टाचेला, खड्याला. पाय काढून पाहिला तर लाल डाग पडलेला. घड्याळ लावून बसलो तिघंही. दहा मिनिटांत डाग गेला तर माप बरोबर. आठव्या मिनिटाला गेला. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच मान हलवली. त्यांनी इतकं कौतुक केल्याचं मला आठवत नाही.

७ एप्रिल

उद्या निघायचं. मी नाही जात म्हटलं. अप्पा म्हणाले, "तिकडच्या बाकावर कुणाचा तरी अर्धा पाय पडलाय ना? तो पुरा कर आधी." खरंच पडला होता. टॅक्सी चालवणाऱ्या बाईंचा.

अंगणात काठी घेऊन एक फेरी मारून दाखवली. मला धीर यावा म्हणून. मला कळलं, त्यांनाही कळलं मला कळलंय ते.

१४ एप्रिल

परत. खोली गार. नळ गळतोच आहे. टॅक्सीवाल्या बाईंचा पाय पुरा केला.

११ मे

दर रविवारी आता आधी म्हणते, "पाय दाखवा." अप्पा फोन खाली नेतात, दोन्ही पाय दाखवतात, डाग दाखवतात, मोजा दाखवतात. मग वर येतात. "झालं समाधान?"

नाही झालं. आता पायच बघते. आणि तेवढ्यात हात का नाही दाखवले, खोकले का, दादा आज समोर का आला नाही! विश्वासच उडालाय. त्यांनी प्रेमाने खोटं सांगितलं हे कळतं. पण खोटं किती सफाईने सांगितलं! तीन महिने, दर रविवारी.

५ जून

मी इथल्या लोकांच्या भाषेत विनोद केला! ठरवून नाही, तोंडातून गेला. फोरमन कुणाला तरी विचारत होता, उजवा साचा कुठे गेला. मी म्हटलं, "चालत गेला असेल." सगळे हसले. मी दचकले. घरी येईपर्यंत तेच आठवत होतं. शब्द शोधावे लागले नाहीत.

२६ जून

हे काय आहे! वरच्या ताई दारात. हातात कुकर, दोन डबे, पोळपाट. "घे, तुला होतील."

"का? नवीन घेतलं?"
"नाही गं. मी चाललेय."
"किती दिवस?"
"कायमची. सोमवारी."

मला वाटलं तिकडे कुणी गेलं. कुणी आजारी पडलं. नोकरी सुटली. विचारलं. काहीच नाही! "काहीसुद्धा झालं नाही. परवा कपाट आवरत होते. एका खोक्यावरची चिकटपट्टी अजून काढलेली नाही. पहिल्या वर्षीचं खोकं. एकोणीस वर्षं मी बघतेच आहे गं, राहायचं की नाही. ठरवलं कधीच नाही. राहत गेले नुसती."

त्यांच्या घरात गालिचे आहेत! भिंतीवर फोटो आहेत! मी त्यांना बघून धीर धरायचे.

"मग आता तिकडे जाऊन जमेल?" मी विचारलं. म्हणाल्या, "माहीत नाही. पण या वेळी बघायला नाही चाललेय."

३० जून

गेल्या. वर पावलं वाजत नाहीत.

१३ जुलै

माझ्या खोलीत काय काय न उघडलेलं आहे ते पाहिलं. काही नाही. सगळं उघडलेलं आहे. पण म्हणून काय झालं?

१ ऑगस्ट

फोरमनने बोलावलं. पुढ्यात कागद. कायमची नोकरी. स्वतःचा बाक, हाताखाली एक जण. "सप्टेंबर संपेपर्यंत सांग." मी कागद घेतला, घडी घातली. चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, त्याने विचारलं, "वाईट बातमी आहे का ही?"

१४ ऑगस्ट

ठरवलं. नोटीस दिली!!

कारण साधं आहे. माझ्या बापाचा पाय माझ्याशिवाय कुणी नीट सांभाळणार नाही. वर्षभरात उरलेल्या पायाचा आकार बदलतो, नकली पायाची आतली वाटी सैल होते, पुन्हा करावी लागते. हे लोक मला सांगणार नाहीत. जखम होईल आणि फोन कपाला टेकवतील. मग मी इथे बसून दुसऱ्यांचे पाय करायचे? नाही. ताईंसारखं एकोणीस वर्षं "बघू" पण नाही. सप्टेंबरअखेर शेवटचा दिवस.

फोरमनने नोटीस वाचली. "तुझ्या हातासारखा हात नाही माझ्याकडे," एवढं म्हणून कानस उचलली. त्याच्याकडे बघवेना.

१७ ऑगस्ट

घरी सांगितलं. मला वाटलं आनंद होईल! वहिनींनी दादाकडे पाहिलं. दादा "अगं पण" म्हणून थांबला. अप्पा म्हणाले, "कुणासाठी?"

"म्हणजे काय? घरी येतेय!"

"बरं," म्हणाले आणि फोन वहिनींकडे दिला. पाय दाखवला नाही.

२४ ऑगस्ट

अप्पा फोनवर आले नाहीत. "बाहेर गेलेत." रविवारी सकाळी? एक पाय नकली, चिखल हा असा, आणि बाहेर गेलेत?

३१ ऑगस्ट

पुन्हा "बाहेर गेलेत." वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. माझे कान गरम झाले. मी म्हटलं, वहिनी, एकदा फसले. "अहो वन्सं, खरंच गेलेत!" दादाला विचारलं, "दुसरा पाय तर नाही ना?" तो हसला! हसला म्हणजे नसेल. की हसून दाखवलं? मार्चपर्यंत तर हसतच होते सगळे.

७ सप्टेंबर

तिसरा रविवार. "बाहेर." मी फोन न बोलता ठेवला. जेवले नाही. डोळ्यांसमोर तोच पलंग, तेच सलाइन, आणि बाहेर "तिचं वर्ष वाया जाईल" म्हणत लपवणारी माणसं.

११ सप्टेंबर

खोटं न बोलणारं एकच माणूस आहे तिकडे. रविवारी उस्तादांनाच फोन करते. त्यांना घरी पाठवते बघायला. तिकीट आहे तीसचं, लागलं तर आधी निघते.

१४ सप्टेंबर

उस्तादांनी फोन उचलला. मी बोलायला तोंड उघडणार तोच मागून आवाज — "टाच आधी! टाच! पोटात घाबरायचं, गुडघ्यात नाही! हं, पुन्हा!"

अप्पा!!

दीड महिना झाला म्हणे. रोज दहा ते दोन, गेले चार रविवारसुद्धा. नवीन पाय लागलेल्यांना दांड्यांमध्ये चालायला शिकवतात. उस्ताद म्हणाले, "माझं कुणी ऐकत नाही. यांचं ऐकतात. शिव्या चांगल्या देतात." आणि मला का नाही सांगितलं? तर वाटी सैल झाल्यावर उस्तादांकडून नवी करून घेतली — माझ्याविना! — आणि मला राग येईल म्हणून.

अप्पा फोनवर आले. धापा टाकत. मी काही बोलायच्या आत, "ये हवं तर. पण माझ्यासाठी येत असलीस तर मला वेळ नाही. आता ठेव, माणूस दांडीवर उभा आहे." ठेवला!

किती वेळ तशीच बसले पलंगावर. मग मोठ्याने म्हणून पाहिलं — मला इथेच राहायचंय. खोलीत कुणी नव्हतं तरी दचकले.

दिलेली नोटीस परत कशी मागतात? उद्या फोरमन यायच्या आधी जाऊन उभी राहते.